विमान थांबवणारी दोरी

१८ जानेवारी १९११ चा दिवस. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ‘पेनसिल्व्हानिया’ ही युद्धनौका नांगर टाकून उभी होती. तिच्या मागच्या भागावर लाकडी फळ्यांचा एक मंच मुद्दाम बांधला होता. त्याची लांबी सव्वाशे फुटांच्या आसपास, म्हणजे व्हॉलीबॉलची दोन मैदाने एकापुढे एक ठेवली तर जेवढी होईल तेवढी. या मंचावर यूजीन एली नावाचे वैमानिक आपले विमान उतरवणार होते. चालत्या-बोलत्या जहाजावर विमान उतरवण्याचा प्रयत्न यापूर्वी कोणीच केला नव्हता.

त्या काळच्या विमानांना ब्रेक नसत. मोकळ्या माळावर उतरलेले विमान गवतावर घरंगळत जाऊन आपोआप थांबे. इथे तर मंच संपला की समोर नौकेचे पोलादी बांधकाम! म्हणून मंचावर आडव्या २२ दोऱ्या टाकल्या होत्या. प्रत्येक दोरीच्या दोन्ही टोकांना सुमारे २३ किलो वाळूचे एकेक पोते बांधले होते. दोऱ्या फळ्यांवर लोळू नयेत म्हणून त्यांच्याखाली लांबट लाकडी पट्ट्या ठेवून त्या किंचित उचलून धरल्या होत्या. विमानाच्या खाली चाकांजवळ लोखंडी आकडे बसवले होते. एली आले, सुरुवातीच्या काही दोऱ्यांवरून तरंगत पुढे गेले आणि मग आकड्यांनी एकामागून एक दोऱ्या पकडल्या. विमान मंचाच्या आतच थांबले. तासाभराने विमानाचे तोंड फिरवून एली त्याच मंचावरून परत उडाले.

आज जगभरातील अनेक लष्करी विमानतळांच्या धावपट्ट्यांवर एक पोलादी दोर आडवा ताणलेला असतो. ब्रेक निकामी झालेले लढाऊ विमान आपल्या शेपटीखालचा आकडा त्यात अडकवते आणि थांबते. हा दोर एलींच्या त्या दोऱ्यांचाच वंशज. त्याचा इतिहास पाहताना पदार्थविज्ञानातील एक साधी पण वारंवार निसटणारी गोष्ट आपल्याला स्वच्छ दिसते. तीच या लेखात पाहू.

पोती सैल का होती?

विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगितला की एक प्रश्न जरूर विचारावा : दोऱ्यांची टोके मंचाला खिळ्यांनी पक्की का ठोकली नाहीत? तसे केले असते तर विमान अधिक खात्रीने थांबले नसते का?

क्षणभर विचार केला की उत्तर सापडते. पक्क्या दोरीत आकडा अडकला असता तर विमानाला हातभर अंतरात थांबावे लागले असते. मग दोन गोष्टींपैकी एक घडली असती. दोरी तुटली असती, नाहीतर विमानाचे तुकडे झाले असते. सैल पोती मात्र फरफटत विमानाच्या मागे येत होती. फळ्यांवर घासताना ती विमानाची गतिज ऊर्जा थोडी थोडी खात होती. शिवाय पहिल्या दोरीने दोनच पोती ओढली. पुढची दोरी अडकली की चार, मग सहा. निम्म्या दोऱ्या अडकल्या असे धरले तर शेवटी सुमारे ५०० किलो वाळू विमानामागे घसटत होती. ते विमानही साधारण तेवढ्याच वजनाचे होते. रोध हळू सुरू झाला आणि वाढत गेला.

क्रिकेटमधला झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, हे उदाहरण आपल्या पाठ्यपुस्तकांत असतेच. वाळूची पोती म्हणजे मागे जाणारे हातच होते. थांबवणाऱ्या दोरीचे खरे काम ‘न हलणे’ हे नाही. विमानाची ऊर्जा दुसरीकडे नेऊन पोचवणे हे तिचे काम. ती दुसरी जागा कोणती असावी, याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे पुढच्या पन्नास-साठ वर्षांत शोधली गेली.

समुद्रावरचे प्रयोग

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस विमानवाहू नौका बनू लागल्या. ब्रिटिशांनी सुरुवातीला वेगळी वाट धरली. १९१८ मध्ये तयार झालेल्या ‘आर्गस’ या नौकेवर तारा आडव्या न बांधता नौकेच्या लांबीच्या दिशेने बांधल्या होत्या. हलकी विमाने वाऱ्याने बाजूला ढकलली जाऊन समुद्रात पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. परंतु या तारांनी विमानांची मोडतोड बरीच झाली आणि काही वर्षांनी ती पद्धत सोडून द्यावी लागली.

अमेरिकेच्या ‘लँग्ली’ या नौकेवर १९२२ मध्ये आडव्या तारा होत्या. त्यांची टोके कप्प्यांवरून नेऊन टांगलेल्या वजनांना जोडली होती. विमानाने तार ओढली की वजने वर उचलली जात. म्हणजे गतिज ऊर्जेचा काही भाग स्थितिज ऊर्जेत साठवला जाई. यात एक अडचण उघड आहे : साठवलेली ऊर्जा परत येऊ पाहते! वजने खाली येताना विमानाला मागे खेचतात. थांबवण्याच्या कामात ऊर्जा साठवून ठेवण्यापेक्षा तिची उष्णता करून टाकणे सोयीचे. पुढे घर्षणाचे ब्रेक आले आणि त्यानंतर द्रवचालित (हायड्रॉलिक) यंत्रणा आली. या यंत्रणेत तार एका दट्ट्याला ओढते. दट्ट्या सिलिंडरमधील द्रव अरुंद वाटेने बाहेर ढकलतो आणि त्या धडपडीत ऊर्जेची उष्णता होते. दुसऱ्या महायुद्धातील विमानवाहू नौकांवर अशा यंत्रणा रोज शेकडो विमाने थांबवत होत्या.

जमिनीवर गरज का पडली?

जमिनीवर तर लांबच लांब धावपट्टी असते. मग तिथे दोरीचे काय काम? ही गरज निर्माण केली जेट विमानांनी. थोडे गणित करून पाहू.

१५ टन वजनाचे एक लढाऊ विमान ताशी २७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ७५ मीटर वेगाने धावपट्टीवर धावते आहे. त्याची गतिज ऊर्जा :

½ × १५,००० × ७५ × ७५ = सुमारे ४ कोटी २० लाख ज्यूल.

तेवढ्याच वजनाची एस.टी. बस ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची ऊर्जा येते सुमारे २१ लाख ज्यूल. वजन तेच, वेग साडेचार पट, ऊर्जा मात्र वीस पट! ही सारी ऊर्जा चाकांच्या ब्रेकमधल्या, समजा, २०० किलो पोलादात गेली, तर ते पोलाद ४०० अंश सेल्सियसहून अधिक तापेल. ब्रेकना आग लागणे, टायर फुटणे हे प्रकार का घडतात ते यावरून समजेल. त्यातून धावपट्टी ओली असेल, द्रवदाबाची नळी फुटून ब्रेक गेले असतील, किंवा उड्डाणासाठी धावत असतानाच इंजिन बंद पडले असेल, तर विमान धावपट्टीच्या टोकापलीकडे जाणारच.

१९५० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने धावपट्ट्यांच्या टोकांशी अडथळे उभारले. त्यांतील एका प्रकारात विमानाचे पुढचे चाक नायलॉनच्या पट्ट्या खेचत असे. त्याबरोबर जमिनीवर पडलेली तार उसळून मागच्या चाकांच्या दांड्यांना अडके. त्या तारेची टोके कशाला बांधली होती? जहाजांच्या नांगरांच्या जाडजूड साखळ्यांना! साखळी धावपट्टीच्या कडेने पसरलेली असे. आधी एक कडी हले, मग दुसरी, मग तिसरी. जसजसे विमान पुढे जाई तसतशी अधिकाधिक साखळी त्याच्यामागे फरफटत येई. ही तर एलींची वाळूची पोतीच, फक्त लोखंडाची. यंत्र म्हणावे असे त्यात काहीच नव्हते आणि म्हणून बिघडण्यासारखेही काही नव्हते. पण एकदा वापर झाला की टनावारी साखळी ओढत पुन्हा जागेवर नेऊन मांडावी लागे. तोवर दुसरे संकटातले विमान आले तर?

दशकाच्या अखेरीपासून हवाई दलाच्या लढाऊ विमानांनाही शेपटीखाली आकडे बसू लागले. तार मग चाकांना अडकवण्याची गरज उरली नाही.

ज्यूल यांचा पंखा

आता सर्रास वापरात असलेली रचना अशी. धावपट्टीवर साधारण एक इंच जाडीचा पोलादी दोर आडवा ताणलेला असतो. आकडा त्याच्याखाली शिरावा म्हणून थोड्या थोड्या अंतरावर त्यात रबराच्या चकत्या ओवलेल्या असतात. त्यामुळे दोर जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर उचललेला राहतो. दोराची दोन्ही टोके नायलॉनच्या रुंद, मजबूत पट्ट्यांना जोडलेली असतात. या पट्ट्या धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या मोठ्या रिळांवर गुंडाळलेल्या असतात. विमानाने दोर पकडला की रिळे फिरू लागतात, पट्टी सुटत जाते आणि रिळाला लावलेला ब्रेक ऊर्जा शोषून घेतो.

ब्रेक दोन प्रकारचे. एकात जड विमानांच्या चाकांत असतात तशा घर्षणाच्या चकत्या असतात. दुसऱ्यात रिळाच्या आसाला पाती असतात. ती पाण्याने भरलेल्या बंद टाकीत फिरतात आणि टाकीच्या आतल्या बाजूलाही स्थिर पाती असतात. फिरणारी पाती पाणी ढवळतात, स्थिर पाती त्याला अडवतात आणि पाणी तापते. (थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळतात.)

हे वर्णन कुठेतरी वाचल्यासारखे वाटते ना? १८४० च्या दशकात जेम्स ज्यूल यांनी उष्णता आणि कार्य यांचे नाते शोधण्यासाठी हेच उपकरण बनवले होते. खाली येणाऱ्या वजनांनी दोरी ओढायची, दोरीने पाती फिरवायची आणि भांड्यातले पाणी किती तापले ते मोजायचे. त्यांच्याही भांड्यात पाणी नुसते गरगरू नये म्हणून स्थिर पाती होती. ज्यूल यांच्या वजनांच्या जागी आता लढाऊ विमान आले, इतकेच! ज्यूल यांचे तापमापक अंशाच्या अगदी लहान भागासाठी लावलेले असत. आपले ४ कोटी २० लाख ज्यूल १,००० लिटर पाण्यात गेले तर ते पाणी किती तापेल? विद्यार्थ्यांनी करून पाहावे. उत्तर येते फक्त १० अंश! पोलादाला लालबुंद करू शकणारी ऊर्जा पाण्याने इतक्या सहज पोटात घेतली. विशिष्ट उष्मा हा धडा शिकवताना यापेक्षा बोलके उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही.

पाण्याच्या ब्रेकचा आणखी एक गुण आहे. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. विमान जोरात आले तर पाती जोरात फिरतात आणि रोधही आपोआप वाढतो. कोणी काही जुळवून ठेवण्याची गरज नाही. तोटाही याच गुणातून येतो. वेग कमी झाला की रोध जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून शेवटी विमान पूर्ण थांबवण्यासाठी वेगळ्या घर्षण-ब्रेकची जोड द्यावी लागते.

अशा यंत्रणेत दोर पकडल्यापासून थांबेपर्यंत विमान साधारण २९० मीटर जाते. वेग ७५ मीटर धरून गतीच्या समीकरणाने सरासरी मंदन काढले तर ते सुमारे ९.७ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. म्हणजे जवळपास गुरुत्वत्वरणाइतकेच! विमानाला साधारण स्वतःच्या वजनाइतक्या बलाने आठ सेकंद मागे खेचले जाते. विमानवाहू नौकेवर हेच काम शंभरएक मीटरांत उरकावे लागते. तिथे उतरणाऱ्या विमानांचा सांगाडा म्हणून अधिक दणकट बांधतात.

रोजची वाट, आडवाट

ही दोरी संकटासाठी आहे. परंतु कधी कधी तीच रोजची सोय झाली. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने चू लाय येथे वाळूवर ॲल्युमिनियमच्या फळ्या जोडून धावपट्टी बनवली. १ जून १९६५ रोजी तिथे पहिली स्कायहॉक विमाने उतरली, तेव्हा जेमतेम १,२०० मीटर पट्टी तयार होती. अडवणाऱ्या तारेविना तिथे उतरणे अशक्यच होते. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाने स्टॅन्ले येथे फँटम विमाने ठेवली. तिथली धावपट्टी वाढवूनही दोन किलोमीटरपेक्षा कमी होती आणि हवा सदैव वादळी, पावसाळी. तिथे फँटम नेहमीच दोर पकडून उतरत. १९८५ मध्ये माउंट प्लेझंटचा नवा विमानतळ सुरू झाला तेव्हा ही कसरत संपली.

संकटकाळी वैमानिकाला काय करावे लागते? आकडा सोडायचा, दोराच्या अलीकडे चाके टेकवायची, पुढचे चाकही जमिनीवर आणायचे आणि दोराच्या मध्यावर नेम धरायचा. दोर एका बाजूला पकडला तर विमान त्या अंगाला ओढले जाते. दोर कुठे आहे ते दुरून दिसावे म्हणून धावपट्टीवर मोठी पिवळी वर्तुळे रंगवतात आणि कडेला पिवळ्या वर्तुळाचे फलक लावतात. सर्वांत अवघड असतो तो निर्णय. ‘माझे ब्रेक चालणार नाहीत’ हे वेळेत मान्य केले तरच आकडा उपयोगी पडतो. दोर मागे पडल्यावर सुचलेल्या शहाणपणाला अर्थ नाही. जमिनीवरच्या माणसांचेही तसेच. दोर ताठ आहे का, रबरी चकत्या जागेवर आहेत का, पट्टी कुठे झिजली आहे का, हे ते नेमाने पाहतात. दोर वापरायची वेळ महिनोन्‌महिने येत नाही. पण पाहणी मात्र चुकत नाही.

आपल्याकडे

‘विक्रांत’ नौकेवर १८ मे १९६१ रोजी पहिले जेट विमान तारेच्या साहाय्याने उतरले. ते उतरवणारे लेफ्टनंट ताहिलियानी पुढे नौदलप्रमुख झाले. ही नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि त्यानंतर मुंबईत संग्रहालय म्हणून २०१२ पर्यंत पाहता येत होती. तिथे सहल नेलेल्या शिक्षकांना तिची उड्डाणपट्टी आठवत असेल. भारतीय हवाई दलाच्या जग्वार विमानांना शेपटीखाली आकडा आहे. आकडा नसलेल्या विमानांसाठी दुसरा उपाय म्हणजे धावपट्टीच्या टोकाशी उभारलेले नायलॉनचे जाळे. अशी जाळी डीआरडीओच्या आग्रा येथील प्रयोगशाळेने विकसित केली आहेत. जाळ्यामागची कल्पना तीच : जाळे पकडते, ऊर्जा दुसरीकडे जाते.

गोव्यात दाबोळी येथील नौदलाच्या ‘हंसा’ तळावर विमानवाहू नौकेच्या पट्टीची नक्कल जमिनीवरच उभारली आहे. भारतात बनलेल्या हलक्या लढाऊ विमानाच्या नौदल आवृत्तीने १३ सप्टेंबर २०१९ रोजी तिथे पहिल्यांदा तार पकडली. जमिनीवर असा सराव पक्का झाल्यावरच ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी हे विमान भर समुद्रात ‘विक्रमादित्य’वर उतरवले.

प्रवासी विमानांचे काय?

वर्गात हा प्रश्न येणारच. २२ मे २०१० रोजी मंगळूरला आणि ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला प्रवासी विमाने धावपट्टी ओलांडून खाली कोसळली. पहिल्या अपघातात १५८ आणि दुसऱ्यात २१ माणसे दगावली. दोन्ही विमानतळ डोंगर सपाट करून बांधलेले, टोकाला उतार. तिथे अशी तार असती तर?

तार असून उपयोग झाला नसता, कारण प्रवासी विमानांना आकडा नसतो. तो बसवायचा तर त्याचा ताण सोसणारा सांगाडा हवा. म्हणजे वजन वाढले, आणि ते प्रत्येक फेरीत वाहून न्यायचे. पण मूळ तत्त्व प्रवासी विमानांनाही लागू पडते. धावपट्टीच्या पुढे हलक्या, ठिसूळ काँक्रीटचे ठोकळे पसरतात. विमान त्यावर गेले की ठोकळे चिरडतात, चाके रुततात आणि चिरडण्यात ऊर्जा खर्च होते. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर १९९६ मध्ये अशी व्यवस्था झाली. मे १९९९ मध्ये धावपट्टीवरून पुढे गेलेले एक छोटे प्रवासी विमान तिच्यात रुतून थांबले. पुढे खाडीचे पाणी होते, प्रवासी बचावले. दोन्ही ठिकाणी विमान चुकले होते. फरक एवढाच की एका ठिकाणी चूक होईल असे गृहीत धरून आधीच तजवीज केलेली होती.

वर्गात करून पाहू

एक फळी, खेळण्यातली मोटार, वाकवलेली टाचणी, दोरा आणि वाळू भरलेल्या औषधाच्या दोन लहान बाटल्या एवढे साहित्य पुरे. मोटारीला टाचणीचा आकडा लावावा. उतारावरून सुटलेली मोटार जमिनीवर येते तिथे दोरा आडवा ठेवून टोकांना बाटल्या बांधाव्यात. मोटार १० सेंटिमीटर उंचीवरून सोडा, मग २० आणि ४० वरून. थांबण्याचे अंतर मोजा आणि उंचीशी त्याचे काय नाते दिसते ते मुलांना शोधू द्या. नंतर वाळू कमी-जास्त करून पाहा.

शेवटी दोऱ्याची टोके खिळ्यांना घट्ट बांधून मोटार सोडा. ती उलटेल, किंवा दोरा तरी तुटेल. मुले हसतील. त्या हसण्याचा फायदा घेऊन त्यांना विचारावे : पेनसिल्व्हानियावरची पोती सैल का होती?